दर महिन्याचे पैसे, धंद्याचं स्वप्न आणि केनियाचा एक पेपर

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या पेपर-वाचनाच्या बैठकीत एका ज्युनिअरने केनियातल्या रोख मदतीच्या प्रयोगावर सादरीकरण केलं. छान केलं. शेवटच्या स्लाइडवर एकच वाक्य होतं: 'दर महिन्याला ठरावीक पैसे मिळाले की गावातली कुटुंबं आळशी होत नाहीत, उलट स्वतःचा धंदा सुरू करतात.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण आदल्या रात्रीच मी तो पेपर तक्त्यांसकट वाचला होता. आणि तक्त्यांमध्ये हे वाक्य जसंच्या तसं कुठेच नाही.

तिथे आहे ते असं: दर महिन्याला पैसे मिळालेले गट दोन होते. दोघांनाही महिन्याला सारखीच रक्कम मिळत होती. एका गटाच्या गावांत धंदे चांगलेच वाढले. दुसऱ्यात परिणाम बराच कमी दिसला. आता 'दर महिन्याला' हेच कारण असेल, तर हा फरक का पडला?

आजची पोस्ट या प्रश्नावर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेट-सेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. चांगला पेपर आणि त्या पेपरचा सारांश या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे या एका उदाहरणावरून नीट समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रयोग काय होता?

पेपर २०२३ चा आहे, वर्किंग पेपर. लेखक पाच: अभिजित बॅनर्जी, मायकल फे, अ‍ॅलन क्रूगर, पॉल नीहाउस आणि तवनीत सूरी. क्रूगर २०१९ मध्ये वारले, पण सुरुवातीपासून ते कामात असल्यामुळे नाव कायम आहे. पैसे वाटणारी संस्था गिव्हडायरेक्टली. जागा म्हणजे केनियाच्या पश्चिम भागातले सिआया आणि बोमेत हे दोन परगणे.

एकूण २९५ गावं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटली. ४४ गावांतल्या प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला साधारण २२.५० डॉलर, म्हणजे दिवसाला पाऊण डॉलर, आणि हे १२ वर्षं मिळत राहणार असा शब्द. ८० गावांना तेवढेच पैसे, पण फक्त २ वर्षं. ७१ गावांना त्या दोन वर्षांच्या पैशांइतकी रक्कम एकदमच, माणशी सुमारे ५०० डॉलर. उरलेल्या १०० गावांना काहीच नाही, ती तुलनेसाठी. पैसे मोबाइलवरून, एम-पेसाने. कुठलीही अट नाही. दारू प्या, छप्पर घाला, शेळी घ्या, विचारणारं कोणी नाही.

इथे थोडं थांबा आणि हा आराखडा कागदावर काढा. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, त्यामुळे आराखडा सुंदर दिसला की मला आधी आनंद होतो, मग शंका येतात. साधारण दोन वर्षं झाल्यावर सर्वेक्षण झालं. त्या क्षणापर्यंत पैसे मिळालेल्या तिन्ही गटांच्या हातात जवळपास सारखीच रक्कम पडली होती. १२ वर्षंवाले आणि २ वर्षंवाले यांच्यात तर तोपर्यंत एका पैचा फरक नव्हता. फरक होता तो फक्त पुढच्या दहा वर्षांच्या शब्दाचा. म्हणजे या प्रयोगाने 'शब्दाला' जवळजवळ एकटं पाडून मोजलंय. असं क्वचितच जमतं.

निष्कर्ष काय निघाला?

१२ वर्षांच्या गावांत धंद्यांची संख्या वाढली, त्यांची विक्री वाढली, खर्च वजा जाता उरणारी रक्कम वाढली. वाढ मुख्यतः शेतीबाहेरच्या धंद्यांत. लोकांनी काम करणं कमी केलं नाही. एकूण काम तेवढंच राहिलं, पण दुसऱ्याकडच्या मजुरीतून माणसं स्वतःच्या कामाकडे वळली. आळशीपणाच्या आरोपाला हे उत्तर पुरेसं आहे, आणि ते ज्युनिअरने बरोबर सांगितलं.

एकरकमी पैसे मिळालेल्या गावांतही परिणाम तेवढाच, काही बाबतींत जास्तच. आणि २ वर्षं महिन्याला पैसे मिळालेल्या गावांत तो ठळकपणे कमी.

आता वरचं स्लाइडवालं वाक्य परत वाचा. नियमित पैसे मिळणारे गट दोन, त्यातला एक पुढे, एक मागे. आणि नियमितपणा अजिबात नसलेला एकरकमी गट सगळ्यांत पुढच्या रांगेत. मग धंद्याचं श्रेय नियमितपणाला कसं द्यायचं?

हा निकाल अगदी आकाशातून पडलेला नाही. याच सिआया भागात हाउसहोफर आणि शापिरो यांनी आधी एक प्रयोग केला होता. तो २०१६ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. त्यात काही कुटुंबांना पैसे महिन्या-महिन्याने आणि काहींना एकदम दिले होते. महिन्याने मिळालेल्यांच्या घरी खाण्यापिण्याची सोय जास्त सुधारली; एकदम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर जास्त खर्च केला, उदाहरणार्थ गवताच्या जागी पत्र्याचं छप्पर. आपल्याकडे कुठल्याही आजीला विचारलं असतं तरी तिने हे सांगितलं असतं. सुटे पैसे चुलीत जातात, गठ्ठा आला तर वस्तू होते.

मग १२ वर्षंवाल्यांनी गठ्ठा कुठून आणला?

भिशीतून. केनियात तिला वेगळी नावं आहेत, पण वस्तू तीच. दहा-बारा जणांनी महिन्याला ठरावीक पैसे काढायचे आणि पाळीपाळीने एकाने सगळे उचलायचे. १२ वर्षांच्या गटातले लोक अशा भिश्यांमधून आपले हप्ते एकरकमी करून घेत होते असं पेपर दाखवतो. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं: छोटा धंदा थोडा-थोडा सुरू करता येत नाही. अर्धी शिलाई मशीन मिळत नाही. घरात पैसे साठवणं अवघड, कर्ज मिळणं त्याहून अवघड. म्हणून रक्कम एकत्र यायला हवी, आणि पुढे पैसे येत राहणार असतील तर माणूस आजचे पैसे धंद्यात घालायला तयार होतो.

मला हे पटतं, कारण हे मी घरात पाहिलंय. मी सहावीत असताना आईने पिको-फॉलची मशीन घेतली ती भिशीतूनच. वीस बायका, महिना पाचशे, दहा हजारांची भिशी. आईने पहिला नंबर मागून घेतला होता. त्या मशीनवर माझी बारावीपर्यंतची पुस्तकं आली. पण गल्लीतल्या एका काकूंना त्या भिशीत घेतलं नव्हतं. त्या रोजाने शेतात जायच्या आणि पावसाळ्यात रोज मिळेल याची खात्री नसायची. 'मध्येच थांबली तर?' असं बायका म्हणायच्या, त्यांच्या तोंडावर नाही, पण म्हणायच्या. आमच्या घरी वडिलांचा पगार होता, छोटा होता, पण एक तारखेला येत होता. आई भिशीत बसू शकली ती त्या पगाराच्या जिवावर.

तर नियमित पैशाचा उपयोग असा आहे. तो स्वतः भांडवल होत नाही. तो तुम्हाला भांडवल गोळा करणाऱ्या मंडळींत बसायची लायकी देतो. इथपर्यंत पेपर आणि मी एका बाजूला.

इथून माझे आक्षेप

पहिला आक्षेप. भिशीचा खुलासा एकट्याने पुरत नाही. २ वर्षं म्हणजे २४ महिने. बारा जणांच्या भिशीच्या दोन पूर्ण फेऱ्या त्यात बसतात. पैसे येणार हे माहीत, किती येणार हे माहीत, सगळ्या गावाला येणार हेही माहीत. मग २ वर्षंवाल्यांनी पहिल्याच वर्षी भिशी लावून धंदे का उभे केले नाहीत? अडचण फक्त रक्कम एकत्र करण्याची असती, तर दोन्ही गटांत फरक इतका पडायला नको होता.

लेखकांकडे उत्तर आहे: माणूस पुढचं बघून गुंतवणूक करतो. बरोबर. पण 'पुढचं बघणं' यात निदान तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक, १२ वर्षांचा शब्द म्हणजे एकूण सहापट पैसे. माणूस खरोखरच जास्त श्रीमंत झाला. दोन, धंदा बुडाला तरी घरात चूल पेटेल हा भरवसा. म्हणजे विम्यासारखं काहीतरी. तीन, भिशीत जास्त मोठी, जास्त लांबची पाळी लावता येणं. तिन्ही एकाच चिठ्ठीबरोबर आल्या. चिठ्ठी वेगवेगळी टाकली असती तरच वेगळं मोजता आलं असतं. उदाहरणार्थ, काही गावांना हप्ते देऊन 'हवं तर पुढच्या सहा महिन्यांचे आगाऊ उचला' अशी मुभा दिली असती, तर रक्कम एकत्र करण्याचा परिणाम सुटा दिसला असता. आराखडा सुंदर आहे असं मी वर म्हटलं, ते मागे घेत नाही. पण 'शब्दाचा परिणाम झाला' हे तो सिद्ध करतो, 'शब्दाचा परिणाम अमुक वाटेने झाला' हे नाही. भिश्यांची आकडेवारी ही लोकांनी आपणहून काय केलं त्याची नोंद आहे, ती चिठ्ठी टाकून ठरलेली नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणाम' आणि 'परिणामाची वाट' यांचे पुरावे वेगळे लिहा. गाइडने विचारायच्या आत स्वतःला विचारा.

दुसरा आक्षेप, गिऱ्हाईक कोण? या प्रयोगात गावातल्या सगळ्याच प्रौढांना पैसे मिळाले. म्हणजे ज्या बाईने दुकान टाकलं तिच्याकडे भांडवल आलं, आणि तिच्या शेजाऱ्यांकडे तिच्या दुकानात खर्च करायला पैसेही आले. धंदे वाढले ते भांडवलामुळे की मागणीमुळे? सिआयातच झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगाचा पेपर इथे शेजारी ठेवून वाचायला हवा. एगर, हाउसहोफर, मिगेल, नीहाउस आणि वॉकर यांचा तो पेपर, इकॉनोमेट्रिका, २०२२. ६५३ गावं, निवडक गरीब कुटुंबांना एकदाच साधारण १००० डॉलर. तिथे पैसे न मिळालेल्या घरांचं आणि दुकानांचंही भलं झालं, भाव जवळपास वाढले नाहीत, आणि बाहेरून आलेल्या एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. म्हणजे मागणीचा जोर मोठा असतो, हे त्याच मातीत दिसलेलं आहे. त्यामुळे 'पैसे मिळाले, तिने धंदा काढला' ही एका कुटुंबाची गोष्ट म्हणून सांगताना गावाची गोष्ट सोडून देता येत नाही. उद्या कोणी गावातल्या पाचच घरांना असे पैसे दिले, तर या पेपरच्या भरवशावर तेच निकाल येतील असं म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप मोजमापाचा. धंद्यांची संख्या वाढली म्हणजे स्वप्नं पुरी झाली का? दारात तळण करून विकणारी बाई आणि गावात हार्डवेअरचं दुकान टाकणारा माणूस, मोजणीत दोघेही 'एक'. मजुरी सोडून स्वतःचं काम धरणं हे कधी स्वातंत्र्य असतं, कधी मजुरीच नसल्यामुळे आलेली पाळी. इथे पैसे मिळालेल्या गावांत हे घडलं, त्यामुळे पहिली शक्यता जास्त, हे मान्य. तरी छोट्या धंद्याच्या कुठल्याही पेपरला एक प्रश्न विचाराच: नफा काढताना घरच्या माणसांची मेहनत खर्चात धरली आहे का? माझी आई पिको करताना रात्री अकरापर्यंत बसायची. तो वेळ कोणत्याही हिशेबात धरला असता तर आमच्या मशीनने कधीच नफा दाखवला नसता.

चौथा मुद्दा, याला आक्षेप म्हणत नाही, पण वाचकाला माहीत असावा. फे आणि नीहाउस हे गिव्हडायरेक्टलीच्या संस्थापकांपैकी आहेत. यामुळे पेपर खोटा ठरत नाही, चिठ्ठ्यांची वाटणी आणि आकडे तपासता येतात. पण 'लेखक कोण, पैसे कोणाचे' हे पाहणं म्हणजे लेखकाचा अपमान नव्हे. ती वाचनाची पहिली पायरी आहे, आणि आपल्याकडे ती सर्रास गाळली जाते.

त्याच टीमचा दुसरा पेपर

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो भाग. याच टीमने याच गावांवर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, आणखी एक पेपर लिहिला. त्यात दिसलं की नव्या शेतीबाहेरच्या धंद्यांतून सुरुवातीला वाढलेलं उत्पन्न त्या काळात निघून गेलं. महामारी होती आणि धान्य संपत आलेल्या तंगीच्या महिन्यांचा काळही तोच होता. पण याच लोकांच्या घरी उपासमार इतरांपेक्षा कमी वाढली.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. धंदा बसला, पण माणूस उपाशी राहिला नाही. लेखकांनी याचा अर्थ असा लावला की पैशाच्या आधारामुळे लोक जास्त जोखीम घ्यायला धजावले, कारण वाईटात वाईट काय होईल त्याची धार बोथट झाली होती.

म्हणजे २०२० चा पेपर विम्याची गोष्ट सांगतो आणि २०२३ चा पेपर भांडवलाच्या गठ्ठ्याची. दोन्ही खऱ्या असू शकतात. पण धोरण ठरवताना दोन्ही सारख्या नाहीत. गठ्ठाच महत्त्वाचा असेल तर एकदम पैसे द्या आणि मोकळे व्हा. स्वस्तात काम होतं, बारा वर्षांची जबाबदारी नाही. भरवसा महत्त्वाचा असेल तर एकरकमी पैसे दिलेल्या माणसाचा धंदा पहिल्या तडाख्यात बसला की त्याच्याकडे काहीच उरणार नाही. दोन वर्षांनंतरच्या सर्वेक्षणात एकरकमी गट पुढे दिसतो, पण आपण शर्यत कितव्या मिनिटाला पाहतोय हेही बघायला हवं. पेपरच्या शीर्षकातच 'दीर्घ प्रयोगाचे लघुकालीन निकाल' अशा अर्थाचे शब्द आहेत. लेखकांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. सारांश करणाऱ्यांनी ते शीर्षकातच सोडून दिलं.

आपल्याकडे

हे सगळं वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येणार: लाडकी बहीण. २०२४ पासून महिना १५०० रुपये. बैठकीतही लगेच तोच प्रश्न आला, 'मॅडम, म्हणजे यातून बायका धंदे काढणार का?' केनियाचा पेपर याचं थेट उत्तर देत नाही. तिथे गावातले सगळे प्रौढ होते, इथे २१ ते ६५ वयाच्या ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या स्त्रिया. रक्कम वेगळी, बाजार वेगळा. पण प्रश्न कसा विचारायचा हे तो पेपर नक्की शिकवतो. '१५०० मध्ये काय होतं?' यापेक्षा 'पुढच्या वर्षी हे पैसे येतील असं त्या बाईला वाटतं का?' हे विचारायला हवं. निवडणुका, पात्रतेची छाननी, हप्ता कधी पडणार याच्या अफवा, हे सगळं त्या भरवशात मोजलं पाहिजे. पैसे तेच असले तरी भरवसा कमी असेल तर ते केनियातल्या ८० गावांसारखे वागतील, असा अंदाज बांधता येतो. तो खरा की खोटा हे शोधणं हा पीएच.डी.चा चांगला विषय आहे. कोणी घेतला तर मला कळवा, मी प्रश्नावली बघून देईन.

भरवशाचं मोल संशोधक विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. फेलोशिप कागदावर दर महिन्याची असते. माझी एकदा सात महिने अडकली आणि मग एकदम आली. गठ्ठाच आला म्हणा ना! पण तो आला तोवर मेसचं बिल, मैत्रिणींची उसनवारी, झेरॉक्सवाल्याची उधारी, सगळं त्याची वाट पाहत उभं होतं. लॅपटॉप घ्यायचा होता, तो राहिलाच. होस्टेलवर आम्ही चौघींनी भिशी सुरू केली होती, ती तिसऱ्या महिन्यात मोडली, कारण चौघींचीही फेलोशिप थांबलेली. तेव्हा मला त्या काकू आठवल्या, ज्यांना गल्लीतल्या बायकांनी भिशीत घेतलं नव्हतं.

तर त्या ज्युनिअरची स्लाइड आम्ही बैठकीतच दुरुस्त केली. आता ती अशी आहे: 'केनियाच्या दोन परगण्यांत, गावातल्या सर्व प्रौढांना १२ वर्षांच्या शब्दासह महिन्याला पैसे मिळाले तेव्हा, पैसे न मिळालेल्या गावांच्या तुलनेत दोन वर्षांनी शेतीबाहेरचे धंदे वाढले, तेवढेच पैसे एकदम दिले तेव्हाही वाढले, फक्त दोन वर्षांसाठी महिन्याला दिले तेव्हा बरेच कमी.' वाक्य लांबलचक झालं, टाळ्या पडत नाहीत. पण त्यात कुठे, कोणाला, कशाच्या तुलनेत, किती काळाने, हे सगळं आहे. या आठवड्यात तुम्ही जो पेपर वाचाल त्याचं असं एक वाक्य वहीत लिहून बघा. कुठे अडलं तर तक्ते उघडा, गोषवाऱ्यात शोधू नका.

पुढच्या पोस्टमध्ये तक्ते वाचायचे कसे, ते एका तक्त्याच्या चित्रासह सांगेन.